पेन्सिलीचा गोल

ओस्लो, १२ जानेवारी

प्रिय ओस्मुंड,

कागदाचं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू मेल वाचत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी हा मार्ग. तुमच्याकडे टपाल आता एक दिवसाआड येतं ना? म्हणजे हे सोमवारी नाही तर बुधवारी मिळेल. चष्मा शोध, तो डोक्यावरच असेल, आणि वाच.

मी मजेत आहे. पावणेतीन वर्षं कशी गेली कळलंच नाही. आता मी गटप्रमुख आहे, हाताखाली नऊ प्रोग्रामर. ऑफिस अगदी फ्योर्डच्या काठावर, सगळं काचेचं. खाली कँटीन आहे, त्यामुळे डबा न्यावा लागत नाही. मी हट्टाने तपकिरी चीज लावलेले पावाचे तुकडे नेते, तेव्हा पोरं माझ्याकडे आजीकडे बघावं तशी बघतात. पगाराचं काय सांगू, तक्रार करण्यासारखं काही नाही.

लिहायचं कारण असं, की आपल्या ऑफिसची, म्हणजे तुमच्या, जाहिरात पाहिली. 'ज्येष्ठ सहकारी निवृत्त होण्याआधी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून काम शिकून घेईल असा प्रोग्रामर हवा.' नाव दिलेलं नाही, पण ज्येष्ठ म्हणजे दुसरं कोण असणार? समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेल्या माशांना किती खाद्य सोडायचं ते ठरवणारा तो जुना प्रोग्राम तुझ्याशिवाय कळतो कुणाला? मी चार वर्षं तुझ्याशेजारी बसले, तरी अर्धाच शिकले. मी आपलं सहज विचारतेय हं. ओळखीत कुणी बरं असेल तर कळवता येईल, एवढंच.

आणि हो, तुझ्या मनात काही राहिलं असेल तर काढून टाक. मी पगारासाठी गेले नव्हते, हे तुला ठाऊकच आहे. मला पुढे जायचं होतं, नवीन काही शिकायचं होतं. शेवटच्या शुक्रवारी वॅफल खाताना मी जे बोलले ती निव्वळ थट्टा होती. तू तर ती केव्हाच विसरला असशील.

उन्नीला माझी आठवण सांग. तिच्याशिवाय त्या ऑफिसचा हिशेब आणि कॉफी, दोन्ही बंद पडतील. धक्क्यावरची बोट अजून पाच मिनिटं उशिरा येते का? कळव.

तुझी,
गुरो


ओस्लो, ५ फेब्रुवारी

ओस्मुंड,

वा रे वा! तीन आठवडे मी रोज जिना उतरून टपालपेटी बघतेय, आणि लिफाफ्यातून निघालं काय, तर माझंच पत्र. तुझ्या हातचा एक शब्द नाही. नुसते पेन्सिलीचे तीन गोल.

आधी मी अशी चिडले म्हणून सांगू. म्हटलं, हा माणूस स्वतःला समजतो कोण? पत्र म्हणजे काय प्रोग्राम आहे, की छापून याच्या टेबलावर ठेवला आणि याने तपासला? मी त्याचा बोळा करून फेकलासुद्धा. मग उठून उचलला, मांडीवर घासून सरळ केला, आणि हसायला आलं. नंतर रडायला आलं, ते जाऊ दे.

चार वर्षं तू माझ्या कामाची पानं अशीच परत द्यायचास. बाकीचं जग पडद्यावर वाचतं, तू छापून घ्यायचास. काय चुकलं ते कधी लिहायचा नाहीस, फक्त गोल. "चूक मी दाखवली तर ती माझ्याकडेच राहील. तू शोधलीस तर तुझी होईल," असं म्हणायचास. पहिले सहा महिने मी तुझ्या नावाने बोटं मोडत असे. त्यानंतर मात्र गोल कुठे येणार ते मला पान देण्याआधीच कळायला लागलं. तेवढं मला आयुष्यात कुणीच शिकवलेलं नाही.

बरं, तीन गोल. पहिला, 'सहज विचारतेय' याच्याभोवतीचा, आज सोडून देते. त्याला हात लावायची हिंमत नाही. दुसऱ्यापासून सुरू करते.

'मी पगारासाठी गेले नव्हते.' खोटं आहे. पगारासाठीच गेले. आणि माझ्या नाही, तुझ्या पगारासाठी.

आठव, त्या डिसेंबरात नेहमीप्रमाणे सरकारने सगळ्यांच्या कमाईची करयादी उघडली होती. सगळा देश शेजाऱ्याची कमाई बघत बसतो, तशी मीही बसले. पण त्या यादीची मेख तुला माहीत आहे. ज्याचा आकडा बघावा, त्याला बघणाऱ्याचं नाव दिसतं. मला तुझा आकडा बघायचा होता आणि तुला ते कळू द्यायचं नव्हतं. मग मी काय केलं? भावाला फोन केला. म्हटलं, "त्रिग्वे, तू बोडोत बसलायस, तुला इथे कोण ओळखतंय? माझ्याऐवजी तू एक नाव शोध."

"का गं, बॉयफ्रेंड आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे, माझं भविष्य आहे," मी म्हटलं. स्वतःच्या विनोदावर खूश होते मी तेव्हा.

त्याने आकडा सांगितला. चार लाख नव्वद हजार. यादीत वजावटी जाऊन उरलेलं दिसतं हे मला कळत होतं. वजावटी धरून मी पुन्हा मांडून पाहिलं, तरी तू माझ्या खालीच होतास. मला तेव्हा पाच लाख ऐंशी हजार मिळत होते. चोवीस वर्षं काम केलेला माणूस, ज्याच्याकडून मी सगळं शिकले, तो माझ्या खाली! मला तुझी कीव आली असती तरी परवडलं असतं, ओस्मुंड. मला भीती वाटली. वाटलं, इथे राहिले तर माझंही हेच होणार. दुसऱ्याच आठवड्यात मी ओस्लोला अर्ज केला. त्यांनी सात लाख साठ हजार देऊ केले आणि मी एका श्वासात हो म्हटलं. योस्तेइनला मात्र 'मला वाढायचंय' असं सांगितलं. साहेब बिचारा भला माणूस, त्याने मान डोलावली.

आता तिसरा गोल. 'थट्टा होती.'

शुक्रवार होता, माझा शेवटचा. तू नेहमीसारखा वॅफलच्या साच्यापाशी उभा होतास. योस्तेइनने विचारलं, "खरं सांग गुरो, आमच्याकडे कमी काय पडलं तुला?" माझी बोटं जॅमने बरबटलेली, डोक्यात ओस्लोची हवा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कमी काही नाही. पण मला ओस्मुंडसारखं एकाच खुर्चीत म्हातारं व्हायचं नाही बुवा, आणि तेही जवळजवळ फुकटात!"

कुणी हसलं नाही. उन्नी माझी बशी उचलून घेऊन गेली, मी अर्धंसुद्धा खाल्लं नव्हतं. तू साचा उघडलास आणि म्हणालास, "हे करपलं." तेवढंच.

'फुकटात' हा शब्द कुठून आला ते फक्त मलाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी धक्क्यावर आपण दोघंच उभे होतो. बोट पाच मिनिटं उशिरा. तू समुद्राकडे बघत विचारलंस, "त्रिग्वे कसा आहे? भाऊ ना तुझा?" मी म्हटलं, "बरा आहे, बोडोला असतो." तू म्हणालास, "हो, बोडो." तेवढ्यात बोट आली. तू माझी बॅग आत ठेवलीस आणि हात हलवलास.

मी तुझ्याजवळ कधीही भावाचं नाव काढलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात यायला पुढचा डिसेंबर उजाडावा लागला. इथल्या कँटीनमध्ये यादीवरून खिदळणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "मेहुण्याने त्याच्या भावाकडून मला शोधून घेतलंय, आडनावावरून पकडलं चोराला!" आणि मला आमचं आडनाव आठवलं. स्क्रोव्हसेत. अख्ख्या नॉर्वेत आमच्या आडनावाची चौदा माणसं आहेत, आणि मी हेरगिरीला त्यातलंच एक पाठवलं. हुशार म्हणे मी!

म्हणजे तुला माहीत होतं. वॅफलचं पीठ साच्यात ओतताना, मी ते बोलले तेव्हा, माझी बॅग उचलताना, सगळा वेळ माहीत होतं.

पहिल्या गोलाचं पुढच्या वेळी.

गुरो


ओस्लो, २४ फेब्रुवारी

प्रिय ओस्मुंड,

तुझं उत्तर आलं नाही. मी थांबणार होते, पण परवा असं काही झालं की थांबवत नाही.

या वर्षी पहिल्यांदा पगारवाढ वाटायचं काम माझ्याकडे आलं. मी समजत होते, ज्याचं काम चांगलं त्याला चांगली वाढ, त्यात अवघड ते काय. तर वरून एक रक्कम आली, एकच, नऊ जणांत मिळून. एकाला जास्त द्यायचं तर ते दुसऱ्याच्या ताटातून काढायचं. आमच्यात एक मुलगी फार चांगली आहे, तिला बाहेरून मागणी आलेली. तिला थांबवायचं म्हणून मी तिच्या नावापुढे मोठा आकडा लिहिला. मग एस्पेनच्या नावापुढे लिहायला काही उरलंच नाही. त्याला दोन लहान मुलं आहेत, नुकतंच घर घेतलंय. त्याला बोलावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे." दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "गुरो, एक सांग, माझं काम तू शेवटचं कधी वाचलंस?" वाचलेलंच नाही. इथे कुणी कुणाचं वाचत नाही. माझंही पावणेतीन वर्षांत कुणी वाचलं नाही, आणि मी स्वतः शेवटची ओळ लिहिली ती ऑगस्टमध्ये. दिवसभर बैठका असतात. पद दोनदा वाढलं, पण मी आहे तिथेच आहे. तुझ्याकडून निघताना जे येत होतं तेवढंच अजून येतं, थोडं कमीच.

एस्पेन गेल्यावर मी त्या कागदाकडे बघत बसले, आणि एकदम आपलं ऑफिस आठवलं. योस्तेइनही दरवर्षी अशीच एक रक्कम बाजूला काढायचा. सहा जणांची. आणि ती कशी वाटायची ते ठरवायला आपल्या सगळ्यांतर्फे निवडलेला माणूस त्याच्यासमोर बसायचा. तो माणूस तू होतास. मला लागोपाठ दोन वर्षं घसघशीत वाढ मिळाली होती. मी समजले, माझ्या गुणांची.

मी उन्नीला फोन लावला. तिने आधी मला पंधरा मिनिटं गुडघेदुखी ऐकवली, हे बरंच झालं, तेवढ्यात मला धीर आला. मग मी विचारलं.

"अगं, इतकी वर्षं तुला वाटत होतं तरी काय?" ती म्हणाली. "योस्तेइनच्या अंगणात पैशांचं झाड आहे?"

"म्हणजे कुणाच्या वाट्यातून आलं ते?"

"दोन्ही वर्षी ओस्मुंडने स्वतःच्या नावापुढे शून्य लिहिलं. योस्तेइन नको नको म्हणत होता. पण हा म्हणाला, पोरगी टिकली पाहिजे, नाहीतर माझ्यानंतर हे सगळं कोण बघणार?" मग म्हणाली, "आणि तुला सांगायचं नाही अशी मला तंबी होती. वॅफलच्या दिवशी माझ्या ओठांवर आलं होतं, गुरो. म्हणून तर बशी उचलून आत गेले. तिथे थांबले असते तर तुला काहीतरी फेकून मारलं असतं."

फोन ठेवला आणि मी काचेच्या त्या खोलीत बसून राहिले. चारी बाजूंनी लोकांना दिसत होतं, त्यामुळे धड रडताही येईना.

ओस्मुंड, ज्या आकड्याला घाबरून मी पळाले, तो माझ्यामुळेच एवढा लहान होता. आणि त्याच आकड्यावरून मी तुला चारचौघांत हिणवलं. मला माझीच शरम वाटते. याहून वेगळ्या शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

आता पहिला गोल. मी सहज विचारत नव्हते. माझ्या ओळखीत कुणी नाही, मीच आहे. मला यायचंय. तुझी दोन वर्षं उरलीत, तेवढ्यात उरलेला अर्धा प्रोग्राम शिकते. माझ्या जुन्या पगारावर येते. त्याहून कमीवर येते. योस्तेइनला मी लिहिलं, तर तो म्हणतो, "शेजारी बसायचं ओस्मुंडला आहे, तेव्हा तो म्हणेल तसं." म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. घेशील का मला परत?

गुरो


ओस्लो, २१ मार्च

ओस्मुंड,

चिठ्ठी मिळाली. तुझ्या हाताने लिहिलेली पहिली. मला ती आता पाठ आहे, तरी इथे उतरवते, म्हणजे नंतर तू 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणायला नको.

'गुरो, तिसरं पत्र स्वच्छ आहे. गोल करण्यासारखं त्यात काही नाही. पण तुला इथे काम करायला यायचं नाही, भरपाई करायला यायचंय. रोज सकाळी अपराधी चेहरा करून शेजारी बसणारं माणूस मला सोसणार नाही, आणि तुलाही ते फार दिवस जमणार नाही. सुर्नादालची एक मुलगी घेतली आहे, इडुन फ्लेमसेतर. पानांचा तिला राग येतो, म्हणजे शिकेल. बोट अजून पाच मिनिटं उशिराच येते. ओस्मुंड.'

मी पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं, आता माझी पाळी. तीनदा वाचलं आणि गोल करायला एक वाक्य सापडलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

मी तुला खूप लिहिलं होतं, चार पानं. तू किती कठोर आहेस, मी केवढा पगार सोडायला तयार होते, दुसरं कुणी तयार झालं असतं का, वगैरे. मग ती पानं परत वाचली. प्रत्येक वाक्यात मी काय काय सोडणार होते त्याची यादी होती. माशांचं नाव एकदाही नाही, प्रोग्रामचं नाही, तुझ्या चष्म्याचंसुद्धा नाही. फाडून टाकली.

तर ठीक आहे. सगळे ईस्टरच्या सुट्टीत संत्री घेऊन डोंगरावर चाललेत, मी इथेच आहे. एस्पेनच्या कामाची बारा पानं छापून घेतली. छपाईयंत्रापाशी त्याने मला पकडलं आणि म्हणाला, "कागद? अगं, त्या झाडांचा तरी विचार कर!" मी म्हटलं, "झाडांचा नंतर, आधी तुझा." चार गोल केले. त्यातले दोन बहुतेक माझेच चुकलेत.

त्या इडुनवर फार ओरडू नकोस. म्हणजे तू ओरडत नाहीसच, तेच जास्त लागतं.

गुरो


ओस्लो, १० डिसेंबर

प्रिय ओस्मुंड,

इतके महिने मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण तुला उत्तर द्यायला लावणं पुरे झालं असं वाटत होतं. आज मात्र लिहायलाच हवं, आणि तुला वाचायलाच हवं. पत्र उन्नीच्या पत्त्यावर पाठवतेय. ती तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाही.

आज यादी उघडली. कँटीनमध्ये नेहमीचा गोंधळ. एस्पेनला त्याच्या सासूने शोधलंय, त्यामुळे तो दुपारपासून घोषणा देत फिरतोय. मी पण उघडलं. मला बघणारं एकच नाव आहे. ओड-आर्ने फ्लेमसेतर, जन्म १९६६, सुर्नादाल.

मी असल्या कुणाला ओळखत नाही. म्हटलं, हा कोण बाबा, आणि याला माझ्या कमाईत काय रस? मग आडनाव पुन्हा वाचलं. हातातली कॉफी तशीच गार झाली.

ती मला शोधतेय, ओस्मुंड. तुझी इडुन. स्वतःचं नाव दिसू नये म्हणून वडिलांना बसवलंय यादीपुढे. आमच्याहून तरी काही वेगळं सुचायचं होतं पोरीला! कुणीतरी तिला सांगितलं असणार, तुझ्या आधी या खुर्चीत एक गुरो बसायची, ती ओस्लोला गेली आणि मोठी झाली. मग तिने बघितलं, किती मोठी. आणि आकडा खरंच मोठा आहे. मीच बघून घेतला, कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल असा आहे.

आता खरं सांग. तुझ्या यादीतही हेच नाव आहे ना? आणि वाढ वाटायच्या वेळी तू स्वतःच्या नावापुढे पुन्हा शून्य लिहिलंयस ना? नाही म्हणू नकोस, मी उन्नीला विचारलेलं नाही, पण तुझी खोड मला माहीत आहे. तर ती पोरगी आत्ता सुर्नादालच्या स्वयंपाकघरात वडिलांसमोर बसून माझा आकडा आणि तुझा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघतेय. आणि मला वाटलं होतं तसंच तिलाही वाटतंय, इथे राहिले तर माझंही हेच होणार.

माझ्या आकड्यात काय दिसत नाही ते मी तिला सांगू शकते. गेल्या वर्षीच्या ऑगस्टनंतर मी स्वतः एक ओळही लिहिलेली नाही, हे त्यात दिसत नाही. एस्पेनचं शून्य दिसत नाही. करपलेलं वॅफल दिसत नाही. तुझ्या आकड्यात काय दिसत नाही, ते मात्र तूच सांगू शकतोस, आणि तू ते सांगणार नाहीस. तू काय करशील ते मी इथे बसून लिहून देते. ती राजीनामा देईल. तू तिची बॅग उचलून धक्क्यापर्यंत जाशील, समुद्राकडे बघत विचारशील, "वडील बरे आहेत ना?" आणि बोट येईल.

या वेळी तसं करू नकोस. मी तुझ्या पाया पडते, करू नकोस.

त्या संध्याकाळी तुझ्याकडे पाच मिनिटं होती. 'गुरो, तो आकडा तुझ्यामुळे खाली आहे,' एवढं म्हणायला एक मिनिट पुरे होतं. म्हणाला असतास तर मी राहिले असते का? माहीत नाही. कदाचित तरीही गेले असते, मी काही देवमाणूस नाही. पण सगळं कळल्यावर गेले असते. तू मात्र माझ्या आयुष्याभोवती एक गोल काढलास आणि शोधायला मला सोडून दिलंस. शोधलं मी, ओस्मुंड. पण तोवर खुर्चीत दुसरी कुणी बसलेली होती. प्रोग्राममधली चूक शोधायला माणसाने खुशाल आठवडा घ्यावा. ही अशी शोधायला लावायची नसते, ही सांगायची असते.

सगळ्या चुका माझ्या आहेत, त्या मी एकेक करून लिहून दिल्यात. हेरगिरी माझी, ते बोलणं माझं, पळणं माझं. पण ते गप्प बसणं तुझं आहे. ते मी माझ्या नावावर घेणार नाही.

ती राजीनामा घेऊन यायच्या आधी माझी पत्रं काढून ठेव आणि तिला वाचायला दे. सगळी दे, पहिलंसुद्धा, ते गोलांसकट सोबत परत पाठवतेय. मला लाज वाटेल, वाटू दे. वाचून झाल्यावर तिला जायचं असेल तर जाऊ दे. पण तोंडाने बोल तिच्याशी.

या पत्रात कुठे गोल करावासा वाटला तर जरूर कर. मी तीनदा तपासलंय, मला तरी जागा दिसली नाही.

तुझी,
गुरो

ता. क. मी पण आज एक नाव शोधलं. तुझं. आकडा काय आहे तो तुला माहीत आहेच, मला तो बघायचा नव्हता. यादी उघड आणि बघणाऱ्याचं नाव वाच. या वेळी तिथे त्रिग्वे नाही.